सॉस परतायला वीस मिनिटं द्याच

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण खिम्याच्या सॉसच्या झटपट चिनी नूडल्सची कृती छापली. ती बीजिंगच्या जाज्यांगम्येनची आहे, असा मजकुरातच उल्लेख आहे. त्या शहरात घरोघरी होणारा हा पदार्थ मराठी वाचकांपर्यंत पोचवावा असं आपल्याला वाटलं, याचा मला मनापासून आनंद झाला. पण कृती वाचली आणि राहवेना. खिमा परता, त्यावर सोया सॉस आणि टोमॅटो केचप ओता, पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लोअर घाला आणि पाच मिनिटांत दाट झालं की नूडल्सवर वाढा, असं त्यात सांगितलं आहे. हा पदार्थ खाण्यालायक होईल, पण ते जाज्यांगम्येन नव्हे. ज्यांनी तो कधीच खाल्लेला नाही, त्यांची पहिली ओळख अशी होऊ नये म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, त्याबद्दल क्षमस्व.

यजमानांच्या नोकरीमुळे आमचं बिऱ्हाड काही वर्षं बीजिंगमध्ये होतं, शहराच्या शीछंग भागात, विटांच्या एका जुन्या सहा मजली इमारतीत. लिफ्ट नव्हती. नोव्हेंबर आला की जिन्याच्या प्रत्येक वळणावर पांढऱ्या कोबीचे ढीग आणि हातभर लांब कांद्याच्या पातीच्या जुड्या रचलेल्या असत, हिवाळ्याची बेगमी. आमच्या समोरच्या दारात एक वयस्कर बाई राहत. सगळी इमारत त्यांना ‘दामा’ म्हणायची, तशा आम्हीही म्हणू लागलो. जाज्यांगम्येन मी त्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहून शिकले. ते स्वयंपाकघर इतकं अरुंद होतं की दोघींपैकी एकीला दारातच उभं राहावं लागे. मी दारात असायची.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा पदार्थ झटपट होतो, अगदी अर्ध्या तासात होतो आणि बीजिंगची माणसं तो करतात तेही घाईच्या वेळीच. फक्त घाई कुठे करायची आणि कुठे नाही हे तिथल्या बायकांना पक्कं ठाऊक असतं. नूडल्स विकत आणा, मांस खिमा करून आणा, भाज्या सॉस शिजता शिजता चिरा. सॉसची आंबवलेली पेस्ट तेलात परतायची ती पंधरा-वीस मिनिटं मात्र कापायची नाहीत. आपल्या कृतीत नेमकी तीच गेली आहेत.

मुळात पेस्टचाच उल्लेख कृतीत नाही, तेव्हा आधी तिच्याविषयी सांगते. बीजिंगमध्ये या सॉसला दोन पेस्ट लागतात. पहिली ह्वांगज्यांग, म्हणजे सोयाबीन आणि गव्हाचं पीठ मीठ घालून आंबवलेली, तपकिरी, चांगलीच खारट पेस्ट. दुसरी थ्येनम्येनज्यांग. ही मुख्यतः गव्हाच्या पिठापासून करतात, रंगाने काळपट आणि चवीला गोडसर. बीजिंगच्या प्रसिद्ध भाजलेल्या बदकाबरोबर पातळ पोळीला जी पेस्ट लावतात, ती बहुतेक हीच. दोन भाग ह्वांगज्यांग आणि एक भाग थ्येनम्येनज्यांग हे प्रमाण बऱ्याच घरांत चालतं. कोणी गोड पेस्ट थोडी वाढवतं, कोणी अजिबात घालत नाही, आणि प्रत्येकाला आपलंच घर बरोबर वाटतं. ह्वांगज्यांग कोरडीही मिळते आणि सैलसरही. कोरडी चिकणमातीच्या गोळ्यासारखी घट्ट असते, ती आधी पाणी घालत घालत, गुठळी न ठेवता कालवून घ्यावी लागते. दामा कोरडीच आणत आणि ती ल्यूबीज्यूचीच लागे. छ्येनमनजवळच्या गल्लीतलं हे लोणची आणि आंबवलेल्या पेस्टचं जुनं दुकान. परंपरेने त्याची स्थापना 1530 सालची, म्हणजे मिंग घराण्याच्या काळातली, सांगतात. आत शिरलं की आंबवणाचा वास आधी नाकात भरतो, बरण्या नंतर दिसतात.

आता सोया सॉसने काय बिघडतं ते पाहा. सोया सॉस पातळ असतो. त्यात रंग आहे, खारटपणा आहे, पण अंग नाही. म्हणून मग त्याला दाट करायला कॉर्नफ्लोअर लागतं आणि सोया सॉसची चव एकेरी लागते म्हणून केचपची गोडी आणि आंबटपणा लागतो. एक वस्तू बदलली की पाठोपाठ तिची भरपाई करणाऱ्या आणखी दोन वस्तू येतात. पेस्ट मुळातच दाट असते, खारट-गोड असते आणि आंबवल्यामुळे तिची चव जिभेवर रेंगाळणारी असते. तिला फक्त तेल, मांस आणि वेळ लागतो.

पिठाने दाट केलेला रस्सा बीजिंगमध्ये नाही असं नाही. तो आहे आणि फार सुंदर असतो, पण तो दालूम्येन नावाच्या वेगळ्या नूडल्सवर घालतात. त्यात मांसाचे काप, वाळवलेल्या लिलीच्या कळ्या, काळी कानबुरशी, मश्रूम आणि वरून सोडलेलं फेटलेलं अंडं असतं, आणि रस्सा स्टार्चने दाट करतात. वाढदिवसाला हौसेने करतात त्या या नूडल्स. पुरवणीतल्या कृतीत या दोन्ही पदार्थांची सरमिसळ झाली आहे, असं मला वाटतं. जाज्यांगम्येनच्या चांगल्या सॉसला तर बीजिंगची मंडळी खास नाव देतात, ‘श्याओवान गानजा’. छोट्या वाडग्यात वाढलेला, पाणी आटवून कोरडा परतलेला सॉस. खाणावळीच्या पाटीवर हे चार शब्द दिसले की तिथे स्टार्च घालून सॉस वाढवलेला नाही, असं गिऱ्हाईक समजून चालतं.

आता कृती सांगते, चार माणसांसाठी. कोरडी ह्वांगज्यांग 150 ग्रॅम घ्या, थ्येनम्येनज्यांग 75 ग्रॅम. दोन्ही एकत्र करून साधारण वाटीभर पाण्यात कालवा, पळीवरून जाडसर धार पडेल इतकं. सैल ह्वांगज्यांग असेल तर पाणी निम्मं पुरे. मांस 300 ग्रॅम, डुकराच्या पोटाकडचं, ज्यात चरबी आणि मांस थरांनी येतं. दामा ते हाताने कापत, चण्याएवढे तुकडे, आणि चरबीचे तुकडे एका बाजूला, मांसाचे दुसऱ्या बाजूला ठेवत. घाई असेल तर जाडसर खिमा चालतो. इथे वेळ वाचवायला माझी काहीच हरकत नाही. फक्त खिमा अगदी बारीक नको आणि अगदी कोरडा, चरबी काढलेला नको. चरबी सुटली नाही तर सॉस रखरखीत होतो.

मोठ्या आचेवर नूडल्सचं पाणी चढवा आणि दुसऱ्या शेगडीवर कढई. कढईत तीन-चार मोठे चमचे तेल, त्यात आधी चरबीचे तुकडे, मध्यम आचेवर. ते कडेने सोनेरी होऊन आक्रसले की मांस घाला. मांसातलं पाणी आटू द्या. आधी चुरचुर आवाज येतो, मग पाणी सुटून तो बसतो आणि पाणी आटलं की पुन्हा चुरचुर सुरू होते. ही दुसरी चुरचुर ऐकू आली की बारीक चिरलेलं आलं आणि चमचाभर शाओशिंग वाइन, म्हणजे तांदळाची चिनी वाइन, घाला. इथवर सात-आठ मिनिटं जातात.

आता पेस्ट ओता आणि आच मंद करा. सगळा जीव इथून पुढच्या वेळात आहे. सुरुवातीला मिश्रण पातळ असतं, मोठमोठे बुडबुडे येऊन फुटतात आणि शिंतोडे उडतात. हात जरा लांब ठेवा. वास कच्च्या डाळीसारखा, किंचित आंबूस येतो. रंग मातकट असतो. तळापासून ढवळत राहायचं, कारण गव्हाच्या पेस्टमधली साखर खाली लागते आणि एकदा लागली की करपट वास सगळ्या सॉसला येतो. सात-आठ मिनिटांनी बुडबुडे लहान होतात. पाणी जात असतं. मग कडेला तेलाची बारीक रेघ दिसू लागते, ती रुंद होत जाते आणि मातकट रंग तांबूस-काळसर होतो. पंधरा मिनिटांच्या पुढे कधीतरी उलथणं तळातून ओढलं की मागे वाट राहते आणि त्या वाटेत तेल भरून येतं. दाट, बारीक फेस सॉसभर हलकेच उकळत असतो. त्या वेळचा वास सुरुवातीच्या वासाशी नातंही सांगत नाही: भाजलेल्या दाण्यांचा, मांसाचा, थोडा कॅरॅमलचा. आमच्या जिन्यात दुपारी साडेअकराच्या सुमाराला हा वास आला की कोणत्या मजल्यावर जेवायला काय आहे ते वर चढणाऱ्याला न विचारता कळायचं.

हे असं का होतं तेही सांगते, म्हणजे वाचक हा वेळ नाइलाजाने देणार नाहीत. पेस्टमध्ये पाणी आहे तोवर तिचं तापमान उकळत्या पाण्याच्या फारसं वर जात नाही, म्हणून ती नुसती शिजते, परतली जात नाही. पाणी उडालं की ती तेलाच्या उष्णतेला लागते आणि मग आंबवताना तयार झालेली साखर आणि प्रथिनांचे तुकडे एकमेकांशी क्रिया करून तो भाजका रंग आणि वास देतात. मसाला परतताना तेल सुटेपर्यंत थांबतो, त्यामागे हेच आहे. आच मोठी करून हे काम पाच मिनिटांत होत नाही. तळ करपतो आणि वरचा थर कच्चाच राहतो. म्हणून मंद आच आणि वीस मिनिटं.

शेवटी कांद्याची पात. बीजिंगची पात जाड, लांब, पांढऱ्या दांड्याची असते. एक अख्खी दांडी बारीक चिरून निम्मी शेवटच्या चार मिनिटांत घाला आणि उरलेली गॅस बंद केल्यावर. चमचाभर साखर लागलीच तर. मीठ अजिबात नाही. चव घेऊन बघाल तर सॉस नुसता फार खारट लागेल आणि तो तसाच हवा. हा रस्सा नव्हे; वाडगाभर नूडल्सना त्याचे दीड-दोन चमचेच लागतात आणि चवीचं सगळं ओझं त्या दोन चमच्यांवर असतं. कॉर्नफ्लोअरच्या रश्श्यात हा हिशेबच उलटा होतो. तो फिका असतो म्हणून पळीपळीने घ्यावा लागतो, नूडल्स त्यात पोहू लागतात आणि काकडी घातली की तिच्या पाण्याने आणखी पातळ होतो. तेलात परतलेला सॉस मात्र नूडलला धरून राहतो.

काकडीवरून आठवलं. आपल्या कृतीत भाज्या ‘सजावटीसाठी, ऐच्छिक’ म्हटल्या आहेत. ते शब्द कृपया काढावेत. बीजिंगमध्ये या भाज्यांना ‘म्येनमा’ म्हणतात आणि त्यांच्याशिवाय जेवण अर्धं राहिलं असं मानतात. खारट, तेलकट सॉस आणि मऊ नूडल्स, यांच्याबरोबर काहीतरी कच्चं, गार, कुरकुरीत लागतंच. काकडीचे लांब, बारीक काप बारा महिने. मुगाच्या मोडांना उकळत्या पाण्यातून काढायचं. भिजवून उकडलेले सोयाबीनचे दाणे, सेलरीचे बारीक तुकडे. हिवाळ्यात कोबीची पानं बारीक चिरून पाण्यातून काढलेली आणि शिनलीमेइ नावाचा मुळा, जो बाहेरून हिरवा आणि आतून गर्द गुलाबी असतो. वसंतात श्यांगछून झाडाचे कोवळे तांबूस कोंब बाजारात येतात, थोडेच दिवस, महाग, आणि त्यांचा वास इतका तीव्र असतो की चिमूटभर पुरतात. दामा ते आले की दोन जुड्या आणून एक आमच्या दारात ठेवत. एवढ्या सगळ्या भाज्या एकाच वेळी कोणी घेत नाही. घरी तीन प्रकार भरपूर झाले. काकडी, मोड आणि आणखी एखादी. सोबत लसणाची कच्ची पाकळी, तीही सोललेली नुसती हातात द्यायची, घासागणिक थोडी चावत खायची.

खाणावळीत हा थाट वेगळा. जुन्या धाटणीच्या ठिकाणी वाढपी एका तबकात नूडल्सचा मोठा वाडगा आणि भोवती भाज्यांच्या लहान लहान बशा घेऊन येतो आणि टेबलापाशी उभा राहून एकेक बशी वाडग्यात उपडी करतो, बशीची कड वाडग्यावर ठणठण वाजवत. सात-आठ ठणके होतात. लहान मुलांना ते फार आवडतं. घरी एका ताटात ढीग मांडले की झालं, ज्याला जे हवं ते तो घेतो.

नूडल्सबद्दल लिहिण्यासारखं खूप आहे, पण घाईच्या दिवशी त्याचा उपयोग नाही. हाताने लाटलेल्या, कापलेल्या नूडल्स सर्वात चांगल्या यात शंका नाही. पण दामासुद्धा सणवार सोडता भाजीबाजारातल्या ताज्या कापलेल्या नूडल्सच आणत. तिथल्या बायका त्या वजनावर घेतात, वरून भुरभुरलेल्या पिठासकट. चार जणांना पाऊण किलोच्या आत-बाहेर. ताज्या नसतील तर वाळलेल्या गव्हाच्या नूडल्स घ्या, जाडसर घ्या. केसासारख्या बारीक शेवया सॉस टाकताच गोळा होतात. आपल्या कृतीत अंड्याच्या पिवळ्या नूडल्स सुचवल्या आहेत, त्याऐवजी साध्या गव्हाच्या, पांढऱ्या घ्याव्यात. भरपूर पाणी खळखळून उकळलं की त्यातच आधी मोड आणि कोबी काढून घ्यायचा आणि मग त्याच पाण्यात नूडल्स. फेस वर आला की वाटीभर गार पाणी घालायचं, पुन्हा उकळी आली की पुन्हा थोडं. याने नूडल बाहेरून न फुटता आतपर्यंत शिजते.

पुढे ऋतूप्रमाणे दोन रीती आहेत. हिवाळ्यात नूडल्स पातेल्यातून थेट वाडग्यात येतात, वाफाळत्या. उन्हाळ्यात गार पाण्याखाली धरून, स्टार्च धुऊन, निथळून वाढतात. बीजिंगमध्ये उन्हाळ्याच्या सर्वात तापलेल्या दिवसांचे तीन टप्पे मानतात. पहिल्या टप्प्यात मोमोसारखे ज्याओझ, दुसऱ्यात नूडल्स, तिसऱ्यात अंड्याबरोबर पोळी अशी म्हणच आहे. त्या दुसऱ्या टप्प्यात गार नूडल्स, गार काकडी आणि वर गरम सॉस खाऊन पाहिला की हा पदार्थ तिथे का टिकला ते कळतं. जेवण झाल्यावर नूडल्स उकडलेलं पाणी वाडग्यात घेऊन पितात. ज्या पाण्यात शिजलं तेच पाणी ते पचवतं, असं तिथली मोठी माणसं सांगतात, आणि इतक्या खारट जेवणानंतर ते कोमट, पिठूळ पाणी खरंच बरं वाटतं.

हा राजवाड्यातला पदार्थ नव्हे, दुपारच्या जेवणाचा आहे. 2011 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष जो बायडन ड्रम टॉवरजवळच्या याओजी नावाच्या साध्या खाणावळीत जेवायला गेले आणि त्यांनी मागवलं ते जाज्यांगम्येनच, पाच वाडगे, सोबत बाओझ, म्हणजे सारण भरून वाफवलेले पाव, आणि गार भाज्या. सगळ्यांचं मिळून बिल 79 युआन झालं. शहरभर तेव्हा त्याचीच चर्चा होती. परदेशी पाहुण्याने कोणत्या मोठ्या हॉटेलात न जाता आपलं रोजचं जेवण मागवलं, याचं लोकांना कौतुक होतं.

कोणी म्हणेल, पदार्थ प्रवास करतात, बदलतात, त्यात काय बिघडलं? मला ते मान्यच आहे. चीनच्या शानडोंग प्रांतातून कोरियात गेलेल्या चिनी लोकांनी हाच पदार्थ इंचनच्या बंदरात नेला आणि तिथे त्याचा जाजांगम्यॉन झाला. काळाभोर, गोड, कांदा आणि बटाटा घातलेला. इंचनला 2012 मध्ये त्याचं संग्रहालयसुद्धा उघडलं. त्या सॉसमध्ये बहुतेक वेळा स्टार्च असतो, हेही खरं. पण कोरियन बाईसुद्धा तिची काळी छुनजांग पेस्ट आधी तेलात परतून घेते आणि मगच बाकीचं घालते. जपानच्या मोरिओका शहरात युद्धानंतर मांचुरियाहून परतलेल्या एका माणसाने या नूडल्स मिसो या सोयाबीनच्या आंबवलेल्या पेस्टवर बेतल्या. तिथे त्या जाजामेन म्हणून प्रसिद्ध आहेत, आणि वाडग्यात शेवटी उरलेल्या सॉसमध्ये कच्चं अंडं फोडून नूडल्सचं गरम पाणी घालून ते पितात. गोडी बदलली, भाज्या बदलल्या, पण आंबवलेली पेस्ट कुठेच गेली नाही. तीच काढून टाकली तर ज्या पदार्थाचा हा प्रवास म्हणायचा, तो पदार्थच मागे राहिला.

यावरून पेस्ट न मिळणाऱ्यांसाठीही मार्ग निघतो. ह्वांगज्यांग मिळाली नाही तर जपानी लाल मिसो वापरा. ती जास्त ओली आणि किंचित मऊ चवीची असते, म्हणून पाणी कमी घ्या. कोरियाची द्वेनजांगही चालेल, तिचा वास अधिक उग्र असतो. गोड पेस्टऐवजी होयसिन सॉस चालतो, पण त्यात साखर बरीच असते, तेव्हा प्रमाण निम्मं करा आणि शेवटी घाला, नाहीतर करपेल. सिचुआनची तिखट दौबानज्यांग पेस्ट मात्र नको. ती उत्तम असते, पण तिने हा पदार्थ दुसऱ्याच प्रांतात जातो.

आता ‘झटपट’ या शब्दाकडे येते, कारण पुरवणीचा भर त्यावर होता आणि नोकरी करून घरी येणाऱ्या माणसाची ती खरी गरज आहे. बीजिंगच्या घरात यावरचा उपाय फार सोपा आहे. सॉस एकदम दुप्पट-तिप्पट करून ठेवतात. त्यात मीठ भरपूर असतं, पाणी जवळजवळ उरलेलं नसतं आणि वर तेलाचा थर येतो. कोरड्या बरणीत भरून, कोरडा चमचा वापरून तो फ्रीजमध्ये आठवडाभर आरामात राहतो. कॉर्नफ्लोअरचा रस्सा दुसऱ्या दिवशी पाणी सोडतो. सुटीच्या दिवशी पाऊण तास देऊन सॉस करून ठेवला, तर मधल्या वारी नूडल्स उकडायला आणि काकडी चिरायला लागतील तेवढी दहा मिनिटं, की जेवण तयार. वाचकांचा वेळ वाचवायचा असेल तर पुरवणीने त्यांना ही युक्ती सांगावी. बाहेर काढलेला सॉस पुन्हा उकळवू नये, लहान कढईत मंद आचेवर नुसता कोमट करावा. गार सॉस गरम नूडल्सवर घातला तरी चालतो. उरलेला मान्थो नावाच्या वाफवलेल्या पावावर लावून खातात, आणि दामा तर कच्च्या काकडीला आणि कांद्याच्या पातीला लावून तशीच खात.

डुकराचं मांस न खाणाऱ्यांनाही हा पदार्थ वर्ज्य नाही. बीजिंगच्या न्यूज्ये भागात मुसलमान वस्ती आहे, तिथे बकऱ्याचं किंवा गाईचं मांस वापरतात. ते कमी चरबीचं असतं म्हणून तेल थोडं जास्त घ्यायचं. मांस न खाणारे घट्ट, मसाल्यात शिजवलेल्या टोफूचे आणि भिजवलेल्या शिताके मश्रूमचे बारीक तुकडे घालतात. मश्रूम भिजवलेलं पाणी पेस्ट कालवायला वापरावं, साधं पाणी नको.

आणि सर्वात लवकर होतो तो अंड्याचा. आपल्याला पुढच्या अंकासाठी खरोखर झटपट कृती हवी असेल तर मी हीच सुचवेन. चार अंडी फेटून, चांगल्या तापलेल्या सढळ तेलात ओतायची आणि दोन चॉपस्टिक्सनी भरभर फिरवायची, म्हणजे मोठे तुकडे न होता सोनेरी बारीक चुरा होतो. तो बाजूला काढा. त्याच तेलात आलं आणि पात, मग वर सांगितल्याच्या निम्म्या प्रमाणात कालवलेली पेस्ट. मिश्रण कमी असल्यामुळे पाणी लवकर उडतं आणि मंद आचेवर दहा-बारा मिनिटांत तेल सुटतं. तेल सुटल्यावर अंडी परत घालायची, दोन मिनिटं एकजीव करायची. अंड्याचा चुरा सॉस शोषून घेतो आणि दाताखाली मऊ-खारट लागतो. तोवर शेजारच्या शेगडीवर नूडल्स झालेल्या असतात. ही कृती छापलीत तर आचेचा आणि मिनिटांचा उल्लेख तेवढा गाळू नये, ही विनंती.

आपली नम्र,
पुरवणीची एक नियमित वाचक